आकाशदीप : घरच्या हातांचा

आश्विन वद्य द्वादशी, म्हणजे वसुबारस. सायंकाळी सवत्स धेनूची पूजा आटोपली, अंगणात सडा-रांगोळी झाली, की घराच्या दर्शनी भागी आकाशकंदील चढतो आणि दिवाळी खऱ्या अर्थाने उंबरठ्याशी येते. पुढे तुळशीचे लग्न लागून त्रिपुरी पौर्णिमा उलटेपर्यंत पुष्कळ घरी तो दारात तेवत असतो. इतक्या परिचयाच्या या कंदिलाकडे आपण बहुधा शोभेची वस्तू म्हणूनच पाहतो. वस्तुतः ते एक दीपदान आहे. आणि दान शक्यतो आपल्या हातचे असावे, हे ओघानेच आले.

कार्तिकमासाच्या व्रतांत आकाशदीपाला मानाचे स्थान आहे. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधू’ आणि काशीनाथ उपाध्याय यांचा ‘धर्मसिंधू’ या दोन्ही ग्रंथांत त्याचा निर्देश आढळतो. उंच खांबावर तिळाच्या तेलाचा दिवा टांगावा आणि तो या मासाचे दैवत जो दामोदर, त्यास अर्पण करावा, असा हा विधी. दिवाळीतच उल्कादानही सांगितले आहे. महालयात आलेले पितर आपल्या लोकी परतताना त्यांना वाट दिसावी, हा त्यातला भाव. काशीला गंगेच्या घाटांवर आजही कार्तिकभर उंच वेळूंच्या शेंड्यांना टोपल्यांतून दिवे टांगलेले दिसतात. आपल्या दारचा कागदी कंदील हा त्याच कुळातला आहे.

हे सारे आम्ही पोथीतून पुष्कळ उशिरा वाचले. त्याचा अर्थ मात्र आम्हांला घरातच कळला.

आमचे वडील दरवर्षी कंदील घरी करीत. नवरात्र संपले, की बुरुडाकडून ओला बांबू आणावयाचा, तो चिरून कामट्या तासावयाच्या, आणि कोजागरीनंतरच्या रविवारी सर्वांनी माजघरात बसावयाचे, हा त्यांचा नेम. २०२१ सालच्या श्रावणात ते गेले. त्या वर्षीची दिवाळी आली, तेव्हा घरात प्रश्न उभा राहिला, की यंदा कंदील लावावा काय? वर्षाच्या आत सण करावयाचा नाही, ही आमच्याकडची रीत. शेजारच्या वडीलधाऱ्यांनीही तेच सुचविले. आम्हीही निमूटपणे तो विचार सोडून दिला होता.

आमच्या मातोश्री तोवर काही बोलल्या नव्हत्या. वसुबारशेच्या आदल्या दिवशी त्या एवढेच म्हणाल्या, “फराळ नको, नवी वस्त्रे नकोत, हे मला मान्य आहे. पण हा दिवा गेलेल्यांच्या वाटेसाठी असतो ना? मग याच वर्षी तो कसा टाळावा?” आमच्या उपाध्यायांना विचारले. घरोघरचे कुळाचार निराळे असतात, हे खरे. परंतु रोषणाई नसावी, दीपदानाला आडकाठी नाही, असे त्यांनी सांगितले. माळ्यावर वडिलांनी तासून ठेवलेल्या कामट्यांची मोळी सुतळीने बांधलेली होती. ती मुलांनी खाली आणली. त्या वर्षी आम्ही नुसता पांढरा कागद लावला. झिरमिळ्या लावल्या नाहीत.

वडिलांच्या हाताखाली आम्ही इतकी वर्षे बसलो, पण सांगाडा मात्र कधी आम्ही स्वतः बांधला नव्हता, हे तेव्हा ध्यानात आले. दोन वेळा तो उकलावा लागला. वाचकांच्या घरी अशी वेळ येऊ नये, म्हणून ती कृती येथे देत आहोत.

एकेक वीत लांबीच्या चोवीस कामट्या घ्याव्यात. त्या अगदी समान असाव्यात. सारी मेख येथेच आहे. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन दोऱ्याने बांधावेत. एक चौकोन तळाला ठेवावा, चार चौकोन बाजूंना कोपऱ्यावर उभे करावेत आणि सहावा माथ्यावर यावा. प्रत्येक चौकोनाचा कोपरा शेजारच्या चौकोनाच्या कोपऱ्याला भिडवून बांधला, की मधल्या जागी आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. हाच आपला पारंपरिक कंदील. बाजूच्या चौकोनांना एका रंगाचा आणि त्रिकोणांना दुसऱ्या रंगाचा पतंगाचा कागद लावावा. वरचे व खालचे तोंड मोकळे ठेवावे, म्हणजे दिव्याची ऊब बाहेर पडते. खालच्या चौकोनाला कागदाच्या झिरमिळ्या लावाव्यात. चिकटविण्यासाठी कणकेची किंवा मैद्याची खळ शिजवावी. कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालण्याचा जुना प्रघात आहे. परंतु ते विषारी असल्याने मुले कामाला बसणार असतील तेथे ते वापरू नये. आत पणती न ठेवता कमी तापणारा लहान विजेचा दिवा सोडावा, हे कागदाच्या दृष्टीने निर्धोक.

बाजारात तयार कंदिलांची वाण नाही. परंतु प्लास्टिकचा कंदील पुढच्या वर्षी अडगळीत जातो आणि तेथून उकिरड्यावर. थर्माकोलच्या सजावटीवर तर महाराष्ट्र शासनाने २०१८ साली बंदीच घातली. बांबू आणि कागद मात्र मातीतून येतात व मातीत जातात. शिवाय बुरुडाच्या घरीही दिवाळी पोचते.

ही कला एका धर्मापुरती राहिलेली नाही, हेही नमूद केले पाहिजे. गोव्यात दिवाळीचे कंदील उतरतात न उतरतात, तोच नाताळ येतो आणि ख्रिस्ती बांधवांच्या दारी बांबूच्या कामट्यांचे, कागद लावलेले तारे चढतात. तेथेही घरची लहानथोर मंडळी एकत्र बसून येशूजन्माचा गोठा मांडतात. दिवा उंच टांगून कोणाला तरी वाट दाखवावी, ही भावना दोन्ही दारी सारखीच आहे.

आमचा तो पांढरा कंदील अखेर वसुबारशेला चढला. आमच्या धाकट्या कन्येने दोन कामट्या आखूड कापल्या होत्या, त्यामुळे तो एका अंगाला कललेला होता. तो उतरवून सरळ करू लागलो, तेव्हा मातोश्रींनी हात धरला. “राहू दे तसाच,” त्या म्हणाल्या, “नातीच्या हातचा आहे, त्यांना चालेल.” आणि दिव्याकडे पाहून त्यांनी हात जोडले.

त्यानंतर रंगीत कागद पुन्हा आला, झिरमिळ्या आल्या. मोळीतल्या कामट्या संपल्या, तेव्हा आम्ही स्वतः बुरुडाकडे गेलो. यंदा कामट्या मोजून कापण्याचे काम त्याच कन्येकडे आहे. आपल्याही घरी एक रविवार यासाठी राखून ठेवावा, आजी-आजोबांना मध्ये बसवावे आणि मुलांच्या हाती दोरा द्यावा. कंदील थोडा कलला तरी चिंता नसावी. दामोदर तो गोड मानून घेईल आणि ज्यांच्यासाठी तो लावावयाचा, त्यांना आपले घर दुरूनही ओळखू येईल.