विजेवरची छोटी मोटार आणि आपल्या घरचा हिशेब

रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर एक तरुण आमच्याकडे आला. हातात कर्जाचा अर्ज होता. वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरून देण्याचे काम आम्ही बरीच वर्षे करीत आहोत, त्यामुळे त्यात नवल नव्हते. नवल वाटले ते कर्जाच्या कारणाचे. त्याला टाटांची 'पंच' ही विजेवर चालणारी मोटार घ्यायची होती. वडील सफाई कामगार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या ग्रॅच्युइटीचे तीन लाख रुपये आधी भरायचे आणि बाकी रकमेचे हप्ते पाडायचे. "टॅक्सीला लावीन काका, पेट्रोलचा खर्चच नाही," तो म्हणाला.

तीस वर्षे रस्ते झाडून जमलेला तो पैसा. तो कशात घातला जातो हे पाहिल्याशिवाय अर्ज भरून देणे आम्हाला बरे वाटेना. आम्ही त्याला आठवडाभराने यायला सांगितले आणि या गाडीची माहिती गोळा केली. ती इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

गाडी घडली कशी?

भारतात विजेची छोटी मोटार नवी नाही. बेंगळुरूमध्ये चेतन मैनी यांनी 'रेवा' नावाची दोन दारांची गाडी २००१ साली बाजारात आणली. तिच्यात शिसे-आम्लाच्या जड बॅटऱ्या होत्या आणि एका चार्जिंगमध्ये ती साधारण ८० किलोमीटर जाई. शहरातल्या शहरात फिरण्यापुरती ती ठीक होती, पण कुटुंबाची गाडी ती होऊ शकली नाही.

पुढे लिथियमच्या बॅटऱ्या स्वस्त होत गेल्या. टाटा मोटर्सने जानेवारी २०२० मध्ये 'नेक्सॉन'ची विजेची आवृत्ती आणली. मूळ गाडी पेट्रोल-डिझेलचीच. तिच्याच सांगाड्यात ३०.२ युनिटची बॅटरी बसवली होती.

'पंच'ची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिचा नमुना 'एच टू एक्स' या नावाने २०१९ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडला गेला. पेट्रोलची पंच ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. चणीने लहान मोटारीएवढी, पण जीपसारखी उंच. अशा गाडीला क्रॉसओव्हर म्हणतात. आपल्याकडच्या खड्ड्यांत आणि गावच्या रस्त्यांवर तिची उंची कामाला येते. जानेवारी २०२४ मध्ये विजेची पंच आली, तेव्हा कंपनीने केवळ विजेच्या गाड्यांसाठी तयार केलेला सांगाडा प्रथमच वापरला. बॅटरी तळाशी सपाट बसते, त्यामुळे वजन खाली राहते आणि गाडी वळणावर स्थिर राहते. पुढच्या बॉनेटखाली इंजिन नसल्याने तेथे सामानाचा लहानसा कप्पाही निघाला.

बॅटऱ्या दोन प्रकारच्या होत्या, २५ आणि ३५ युनिटच्या. चाचणीत त्यांचे अंतर अनुक्रमे ३१५ आणि ४२१ किलोमीटर भरले. प्रत्यक्षात घाट, एअरकंडिशनर आणि प्रवाशांचा भार यामुळे ते बरेच कमी होते, हे ध्यानात ठेवावे. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची आहे. ती उष्णता बऱ्यापैकी सोसते आणि तिच्यात कोबाल्ट लागत नाही. आफ्रिकेतील काँगो देशात कोबाल्टच्या खाणींत लहान मुलेही राबतात. कष्टकऱ्यांच्या घरातून आलेल्या आपल्या समाजाला ही गोष्ट कळलेली बरी. जून २०२४ मध्ये भारत एनकॅपच्या धडक-चाचणीत या गाडीला पाच तारे मिळाले. मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी ३२ पैकी ३१.४६ गुण होते.

कारकुनी हिशेब

आता पैशाकडे वळू. बाजारात आली तेव्हा विजेच्या पंचची किंमत १० लाख ९९ हजारांपासून सुरू होत होती. तशाच पेट्रोलच्या गाडीपेक्षा ती साडेचार लाखांनी महाग पडते असे धरू.

पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि लिटरला १५ किलोमीटर धरले, तर किलोमीटरला ७ रुपये पडतात. विजेचे युनिट १० रुपये आणि युनिटला ७ किलोमीटर धरले, तर सुमारे दीड रुपया. बचत साडेपाच रुपये. म्हणजे साडेचार लाख वसूल व्हायला सुमारे ८२ हजार किलोमीटर गाडी पळाली पाहिजे.

जो नोकरदार वर्षाला ७ हजार किलोमीटर फिरतो, त्याला याला जवळजवळ बारा वर्षे लागतील. लग्नात मिरवायला आणि गावी जायला गाडी घेणाऱ्याने बचतीच्या गोष्टी करू नयेत. पण रोज १२० किलोमीटरप्रमाणे वर्षाचे ३०० दिवस गाडी चालवणाऱ्याचे वर्षाला ३६ हजार किलोमीटर होतात. त्याचा फरक सव्वादोन वर्षांत भरून निघतो.

मात्र यात एक मेख आहे. ही वीज घरची धरली आहे. बाहेरच्या चार्जिंग केंद्रावर युनिटला २० रुपये पडले तर बचत सव्वाचार रुपयांच्या आत येते आणि सव्वादोन वर्षांची तीन वर्षे होतात. जलद केंद्रावर १० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत भरायला तासाभराच्या आत वेळ लागतो. घरच्या साध्या प्लगवर मोठी बॅटरी पूर्ण भरायला साडेतेरा तास लागतात. चाळीत किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने प्लग आणायचा कोठून? तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडून गाडी भरणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. अर्थिंग असलेली १५ अँपिअरची स्वतंत्र जोडणी हवीच.

बॅटरीची हमी ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी होती. टॅक्सीचे एवढे अंतर साडेचार वर्षांतच संपेल. शिवाय धंद्याच्या गाडीला हमीच्या अटी वेगळ्या असू शकतात. टॅक्सी म्हणून नोंदणी होईल का, हे आर.टी.ओ.त आणि हमीचे काय, हे दुकानात लेखी विचारावे. तोंडी आश्वासनावर सही करू नये.

बाबासाहेब आणि वीज

१९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्या खात्याकडे होता, हे आपल्यातील पुष्कळांना ठाऊक नसते. १९४३ साली विद्युतशक्तीसंबंधीच्या धोरण समितीचे ते अध्यक्ष होते. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ स्थापन झाले. वीज मुबलक आणि स्वस्त असावी, तिच्यावर उद्योग उभे राहावेत आणि त्यातून गरिबी हटावी, असा त्यांचा विचार होता. मग विजेच्या या नव्या युगात आपली मुले केवळ हप्ते भरणारी गिऱ्हाइके म्हणून राहणार काय? आय.टी.आय.मध्ये विजेच्या वाहनांच्या मेकॅनिकचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. आपल्या मुलांनी आणि मुलींनीही तेथे प्रवेश घ्यावा. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या आपल्या बांधवांनी तर हे शिक्षण वेळीच घ्यावे. ज्या गाडीला इंजिन ऑइल लागत नाही, तिच्यावर जुन्या कसबाचे पोट किती दिवस भरणार?

तो तरुण आठवडाभराने आला, तेव्हा आम्ही हा सारा हिशेब त्याच्यापुढे मांडला आणि दुसऱ्याची टॅक्सी महिनाभर चालवून रोजच्या किलोमीटरची नोंद ठेवायला सांगितले. थोडा नाराज होऊन गेला. महिन्याने शाळेची वही घेऊन परत आला. रोजची सरासरी ९५ किलोमीटर पडली होती. वस्तीत चार्जिंगची सोय नव्हती. "आत्ता नको काका," तो स्वतःच म्हणाला. वडिलांचे तीन लाख मुदत ठेवीत राहिले आणि अर्ज आम्ही भरला तो आय.टी.आय.चा.

ही गाडी वाईट नाही. ज्याचे फिरणे मोठे आणि ज्याच्या दाराशी प्लग, त्याला ती लाभाचीच आहे. पण घरातली पुंजी गुंतवण्यापूर्वी कागद आणि पेन्सिल घेऊन बसा, आणि घरच्या बाईमाणसालाही त्या हिशेबात बसवा. हप्ता चुकला की घर चालवताना पहिली ओढाताण तिचीच होते.

जय भीम!