पाणपोई: रस्त्यावरचा विसरलेला वारसा

गर्दीच्या चौकात एखादा कोरीव दगडी मनोरा दिसतो. आपण त्याला स्मारक समजून पुढे जातो. पण थोडे वाकून पाहिले, तर तिथे नळाची जागा आणि दगडी कुंडी दिसू शकते. ती असते जुनी पाणपोई!

मुंबईला १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने मिळू लागले. त्याआधी शहराची तहान विहिरी आणि तलावांवर भागत असे. नळ आले, पण दिवसभर रस्त्यावर राबणाऱ्या हमाल आणि गाडीवानांचे काय? त्यांच्यासाठी धनिक व्यापाऱ्यांनी पुण्यकर्म म्हणून पाणपोया बांधल्या. अनेकदा त्या दिवंगत आप्तांच्या आठवणीत असत.

फोर्टमधील रतनसी मुळजी जेठा कारंजे याचे सुंदर उदाहरण आहे. कापसाचे व्यापारी असलेल्या रतनसी शेठजींनी ते कोवळ्या वयात गेलेल्या आपल्या मुलाच्या, धरमसीच्या स्मरणार्थ १८९४ च्या सुमारास उभारले. त्याच्या रचनेत व्हिक्टोरिया टर्मिनसचे वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचा हात होता. कारंज्यावर प्राण्यांची शिल्पे आहेत आणि अगदी वर एका मुलाची मूर्ती. स्वतःचे दुःख मोठे असताना या बापाने अनोळखी माणसांच्या तहानेचा विचार केला.

अशा पाणपोयांची रचनाही विचारपूर्वक केलेली असे. माणसांसाठी हाताच्या उंचीवर नळ आणि गुराढोरांसाठी खाली कुंडी. जात, धर्म, तिकीट काहीही न विचारता पाणी!

पुढे घरोघरी नळ आले, मग बाटल्या आल्या आणि बऱ्याच पाणपोया कोरड्या पडल्या. काही फेरीवाल्यांच्या सामानाआड गेल्या, तर काहींवर जाहिराती चिकटल्या. जेठा कारंजे मात्र नशीबवान ठरले. त्याची डागडुजी झाली आणि २०१८ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याचा गौरव झाला.

तुमच्या शहरातही अशा खुणा असतील. अहमदाबादच्या पोळांमध्ये पक्ष्यांना दाणे टाकण्यासाठी बांधलेले कोरीव चबुतरे आजही दिसतात. रविवारी मुलांना घेऊन जुन्या बाजारात एक फेरफटका मारा. दगडावरचे नाव वाचा, वर्ष शोधा, आजी-आजोबांना विचारा.

आणि हो, उन्हात पार्सल घेऊन आलेल्या मुलाला पाणी विचारायला विसरू नका. पाणपोई तिथूनच सुरू होते.