जिवतीपासून दवाखान्यापर्यंत : बालकासोबत आलेली माता

श्रावणातील शुक्रवारी घरोघरी जिवतीचे पूजन होते. माता आपल्या मुलांचे औक्षण करते. मूल परगावी असेल तर चारी दिशांना अक्षता टाकून त्याचे क्षेम चिंतिते. श्रावण सरता सरता पिठोरी अमावास्येला ती वाण पाठीमागे नेऊन ‘अतीत कोण?’ असे विचारते आणि मूल ‘मी’ असे उत्तर देते. मातृत्वाचे असे मंगल दर्शन घडविणाऱ्या या परंपरेविषयी आम्हां सर्वांच्या मनात आदर आहे. तथापि याच मातांपैकी एखादी दुसऱ्या दिवशी कडेवर रडणारे मूल घेऊन आपल्या दवाखान्यात येते, तेव्हा आपण कोणाकडे पाहतो, हा प्रश्न आज व्यवसायबंधू-भगिनींसमोर ठेवावा, असे आम्हांस वाटते.

देवतेची दोन रूपे

बालरक्षक देवतांच्या कथा नीट पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानी येते. यांपैकी बहुतेक देवता आरंभी भयप्रद आहेत. जिवतीच्या चित्रातील जरा ही महाभारतात मगध देशातील राक्षसी आहे. बृहद्रथ राजाच्या पुत्राची टाकून दिलेली दोन शकले तिने सांधली, म्हणून तो जरासंध झाला. बौद्ध कथांतील हारीती राजगृहातील बालके पळवीत असे. बुद्धांनी तिचे सर्वांत धाकटे अपत्य भिक्षापात्राखाली लपविले, तेव्हा तिला इतर मातांचे दुःख कळले आणि ती बालकांची रक्षक झाली. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात हारीती व पांचिक यांचे उपमंदिर आहे. तेथे देवतेच्या आसनाखाली शिल्पकाराने चक्क एक शाळा कोरली आहे. छडी घेतलेले गुरुजी आहेत, पुढची मुले अभ्यासात आहेत आणि मागची मुले खेळात दंग आहेत. देवत्व आणि मुलांचा रोजचा दंगा यांत त्या कारागिराला अंतर वाटले नाही.

आपल्या काश्यपसंहितेतही हेच आढळते. रेवतीकल्पात जातहारिणीच्या रूपाने रेवती संततीचा नाश करते आणि तीच रेवती षष्ठी म्हणून सूतिकागृहात पूजिली जाते. आपल्याकडील पाचवी-सटवाईचे पूजन याच परंपरेतील आहे. सटवाई बाळाचे भाग्य लिहिते असे आपण म्हणतो आणि तिच्या नावाचा धाकही बाळगतो.

या कथांचा अर्थ अनेक प्रकारे लावता येईल. आम्हांस त्यातील एक विशेष महत्त्वाचा वाटतो. मातृत्वात केवळ वात्सल्य असते असे आपल्या पूर्वजांनी मानले नाही. त्यात भय आहे, थकवा आहे, क्रोधही आहे. आणि त्या शक्तीला मान, अन्न व आधार मिळाला तर ती रक्षण करते, हे त्यांनी जाणले होते. देवतेला आपण नैवेद्य दाखवितो. मातेला मात्र ‘आई कधी दमत नाही’ असे सांगून मोकळे होतो.

ग्रंथांची दृष्टी

संहिताकारांनी बालकाचा विचार मातेपासून तोडून केलेला नाही. सुश्रुतांनी स्तन्यप्रवृत्तीचे कारण अपत्यस्नेह हे सांगितले आणि स्तन्यनाशाच्या कारणांत क्रोध, शोक व अवात्सल्य यांची गणना केली. मातेचे मन हा बालकाच्या पोषणाचा भाग आहे, असा याचा सरळ अर्थ होतो. क्षीरप, क्षीरान्नाद व अन्नाद हे वर्गीकरणही बालकाच्या आहारावरून, म्हणजेच मातेशी असलेल्या त्याच्या संबंधावरून केलेले आहे.

रोजच्या संगोपनाविषयी तर आपले आचार्य किती सूक्ष्म लिहितात! बालकाला दटावू नये, झोपेतून एकदम उठवू नये, अकाली बसवू नये, असे सुश्रुत सांगतात. खेळणी रंगीत, हलकी व आवाज करणारी असावीत. त्यांना तीक्ष्ण टोक नसावे आणि ती तोंडात जाण्याएवढी लहान नसावीत, असे चरक सांगतात. जेवत नाही किंवा रडते म्हणून राक्षस-पिशाचांची नावे घेऊन बालकाला भिववू नये, हेही चरकांनीच बजावले आहे. ‘जेव, नाहीतर बुवा येईल’ असे आजही घराघरांत ऐकू येते. हा निषेध तेव्हाही करावा लागला होता, म्हणजे तेव्हाच्या माताही दमत होत्या.

आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी दीड वर्षाच्या मुलाला घेऊन एक माता तीन महिन्यांत चार वेळा आमच्याकडे आली. तक्रार एकच : ‘काही खातच नाही.’ आम्ही अग्निमांद्य गृहीत धरून दीपन-पाचन कल्प दिले, पुढच्या वेळी ते बदलले, त्यानंतर एक लेह दिला. मुलाचे वजन प्रत्येक वेळी नोंदविलेले होते : ९.४, ९.६, ९.८ आणि १० किलो. नोंद आमच्याच हस्ताक्षरात होती. ती आम्ही वाचली नाही.

पाचव्या वेळी मुलाला घेऊन त्याची आजी आली. सूनबाई दोन दिवस अंथरुणावरून उठली नाही, असे त्या म्हणाल्या. जेवताना तोंड फिरविले म्हणून तिने मुलाला जोराने मारले होते आणि त्यानंतर ती स्वतःलाच घाबरली होती. आम्ही तिला भेटलो. रात्री सलग दोन तासांहून अधिक झोप तिला वर्षभर मिळाली नव्हती. मुलाच्या ताटातील उरलेले हेच तिचे दुपारचे जेवण होते. हिमोग्लोबिन ८.२ निघाले. ‘खात नाही’ या वाक्याचा कर्ता आम्ही बालक मानला होता. तो माता होती.

पांडूची चिकित्सा सुरू केली, मानसोपचारतज्ज्ञ मित्राकडे तिला पाठविले आणि घरच्यांना समोर बसवून दुपारचे दोन तास मूल आजीकडे राहील असे ठरविले. त्या मातेला बरे वाटण्यास काही महिने लागले. मुलाला मात्र त्या काळात आम्ही कोणतेही औषध दिले नाही.

‘खात नाही’ म्हणजे काय?

ही तक्रार आपल्यापैकी प्रत्येकाकडे रोज येते, म्हणून थोडा विस्तार करणे उचित ठरेल. जन्मतः तीन किलोचे बालक पहिल्या वर्षाअखेर साधारण नऊ किलोचे होते. दुसऱ्या वर्षात मात्र वाढ सुमारे दोन ते अडीच किलोच असते. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. हा व्याधी नव्हे. त्यातच चालता येऊ लागल्याने बालकाचे मन ताटापेक्षा अंगणात असते आणि ‘नको’ हा शब्द त्याला नुकताच सापडलेला असतो. वजन वाढीच्या तक्त्यातील स्वतःच्या रेषेवर चालले असेल, तर औषधाची आवश्यकता नसते. वजन थांबले असेल, उतरत असेल किंवा विकासाचे टप्पे मागे पडत असतील, तर मात्र दीपन-पाचनात वेळ न दवडता पूर्ण तपासणी करावी.

दुधाविषयीही विचारावे. दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक गायीचे वा म्हशीचे दूध पिणारे मूल भाकरी-वरणाला तोंड लावत नाही आणि त्याच्या रक्तातील लोहही कमी पडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सहा ते एकोणसाठ महिने वयाच्या बालकांपैकी ६७.१ टक्के आणि पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. पांडुरोगी बालकाच्या शेजारी बहुधा पांडुरोगी माता बसलेली असते, हे या दोन आकड्यांवरून उमगावे.

मनाच्या आजाराचेही तसेच आहे. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सुमारे २२ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळते, असा त्याचा निष्कर्ष होता. पाचांत एक, हे प्रमाण आपल्या प्रतीक्षाकक्षातच बसलेले असते.

वैद्यांनी काय करावे?

बालकाची तपासणी झाल्यावर मातेला चार प्रश्न विचारावेत. यास पाच मिनिटे पुरतात.

१. ताई, रात्री तुमची सलग झोप किती होते?
२. आज तुम्ही काय आणि केव्हा जेवलात?
३. दोन तास बाळाला सांभाळील असे घरात किंवा शेजारी कोण आहे?
४. कधी बाळाचा वा स्वतःचा जीव नकोसा वाटतो का?

चौथा प्रश्न एकांतात व हळुवार विचारावा. उत्तर होकारार्थी आले तर तिला एकटी घरी न पाठविता नातलगांना बोलवावे आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर लावून ठेवावा.

आपल्यापैकी अनेकजण पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशन देतात. दर सत्तावीस दिवसांनी मातांची रांग आपल्या दारी येते. दुसऱ्या कोणत्या शास्त्राला अशी संधी मिळते? त्या दिवशी बालकाचे वजन-उंची व मातेची चौकशी झालीच पाहिजे. लेहनाविषयी सांगताना काश्यपांनी ते कोणाला देऊ नये हेही सांगितले आहे : मंदाग्नी, ज्वर व अतिसार असलेले, तसेच मातेचे गुरू स्तन्य पिणारे बालक त्यांनी वगळले. सर्वांना एकाच ओळीत उभे करून थेंब पाजणे हे काश्यपांना अभिप्रेत नाही. एक वर्षाखालील बालकाला मध दिल्यास बोट्युलिझम हा गंभीर विकार होऊ शकतो, हे आज ज्ञात आहे. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनीही ही सावधगिरी पाळावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

औषधी दुकानदारांस विनंती

वैद्याच्या आधी माता आपल्या दुकानाची पायरी चढते. म्हणून आपली जबाबदारी अधिक आहे.

• बालकाचे वय विचारल्याविना बाळगुटी, घुटी वा काढा देऊ नये. पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध, हे सांगावे.
• बाळ झोपावे म्हणून सहाणेवर जायफळाचे वळसे वाढविण्याची प्रथा घातक आहे, ती थांबवावी.
• ज्यातील घटक ठाऊक नाहीत असे काजळ वा सुरमा बालकांसाठी विकू नये. काहींत शिसे आढळते.
• भूक वाढविणारे औषध तिसऱ्यांदा मागितले तर बाटलीऐवजी वैद्याकडे जाण्याचा सल्ला द्यावा.

एका बाटलीची विक्री बुडेल, हे खरे. पण त्या घराचा विश्वास आपल्या दुकानावर वर्षानुवर्षे राहील.

उपसंहार

मातेला देवता म्हणणे सोपे आहे, कारण देवतेला झोप लागत नाही आणि तिचे रक्त तपासावे लागत नाही. आपण वैद्य आहोत. आपल्यासमोर बसलेल्या स्त्रीला दोन्हींची आवश्यकता आहे. येत्या श्रावणात जिवतीसमोर चणे-गूळ ठेवताना आपल्या दवाखान्यात मातेसाठीही एक खुर्ची, एक केसपेपर आणि पाच मिनिटे राखून ठेवावीत, एवढीच आमची सर्वांना नम्र विनंती आहे.