‘नाही’ म्हणा, पण का ते सांगा

समजा, दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरमधल्या एका मराठी मुलीने थालीपीठाच्या भाजणीचा व्यवसाय सुरू केला. कंपनीची नोंदणी झाली, शेजारच्या काकूंपासून ऑफिसातल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांना चव आवडली. मग तिने स्टार्टअपला निधी देणाऱ्या योजनेत अर्ज केला. बरेच दिवस वाट पाहिल्यावर ईमेल आला, ‘आपला अर्ज निवडला गेला नाही. शुभेच्छा!’

कारण कळलं नाही की घरात तर्क सुरू होतात. बाबा म्हणतात, ‘ओळख लागते गं.’ आई म्हणते, ‘भाजणी सोड, दुसरं काहीतरी बघ.’ मुलगी गप्प होते.

खरं कारण कदाचित अगदी साधं असेल. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ९४५ कोटी रुपयांची ‘स्टार्टअप इंडिया सीड फंड’ योजना सुरू केली. तिच्यात प्रोटोटाइप किंवा चाचणीसाठी २० लाखांपर्यंत अनुदान होतं. पण अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि उत्पादनात, विक्रीत किंवा कामाच्या पद्धतीत तंत्रज्ञानाचा वापर असावा, अशा अटी होत्या. म्हणजे भाजणी उत्तम असूनही अर्ज बाद होऊ शकतो. हे एका ओळीत कळलं, तर ती मुलगी व्यवसाय बंद करणार नाही, योग्य योजना शोधेल.

कारण सांगणं अवघड का वाटतं?

अर्ज ढीगभर, माणसं मोजकी. शिवाय कारण दिलं की वाद होईल, ही भीती. पण निवड समिती गुण देतेच. याच योजनेत कल्पनेची गरज, व्यवहार्यता, नावीन्य, टीम, निधी खर्चाचा आराखडा असे निकष ठरलेले होते. ज्या दोन निकषांत गुण कमी पडले, तेवढे कळवले तरी पुरे.

कारण सांगताना ते अर्जाबद्दल असावं, माणसाबद्दल नाही. ‘तुम्हाला धंद्यातलं कळत नाही’ याने मन दुखावतं. ‘पहिल्या वर्षाच्या खर्चाचा हिशोब अर्जात नाही’ याने पुढचा अर्ज सुधारतो. आणि ‘पुन्हा नक्की प्रयत्न करा’ हे खरोखर वाटत असेल तरच लिहावं. खोट्या आशेवर कुणाची बचत संपते.

तुम्हाला नकार आला तर?

दोन दिवस जाऊ द्या. मग नम्रपणे एकच प्रश्न विचारा, ‘माझ्या अर्जातली सर्वांत कमकुवत बाजू कोणती?’ निर्णय बदलण्याचा आग्रह धरू नका. उत्तर आलं तर आभार माना.

मात्र प्रत्येक शेरा ब्रह्मवाक्य नसतो. एअरबीएनबीच्या संस्थापकांनी २००८ मध्ये सात गुंतवणूकदारांकडे पैसे मागितले. पाच जणांनी नकार दिला, दोघांनी उत्तरच दिलं नाही. ही बाजारपेठ पुरेशी मोठी वाटत नाही, असं एकाचं म्हणणं होतं. ते पुढे चुकीचं ठरलं. म्हणून दोन-तीन ठिकाणांहून तीच उणीव सांगितली गेली, तर ती मनावर घ्या. एकट्याचंच मत असेल तर तपासून बघा.

आणि घरच्यांनो, ‘आम्ही आधीच सांगितलं होतं’ हे वाक्य तेवढं गिळा. त्यापेक्षा चहा करा आणि तिच्याबरोबर बसून तो अर्ज पुन्हा एकदा वाचा.