आठव्या दिवशी उरणारे काम

हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावसारख्या गावात सेवामंडळ काढायचे म्हटले, की आधी नाव आणि अध्यक्ष ठरतो. काय करायचे ते मागाहून बघू, असे होते. हा क्रम उलटा हवा. त्याला चांगला पुरावा मुंबईतल्या सोशल सर्व्हिस लीगचा आहे. १९०९ साली गोखल्यांच्या भारत सेवक समाजात आलेल्या ना. म. जोशी यांनी १९११ साली ही संस्था स्थापन केली आणि गिरणगावात काम मांडले. दिवसभर साच्यावर उभ्या राहणाऱ्याला शिकायला रात्रच मोकळी, म्हणून रात्रशाळा. ग्रंथालयापर्यंत त्याचे पाय पोचत नाहीत, म्हणून पुस्तकेच वस्तीत. सावकाराचे व्याज डोईजड, म्हणून सहकारी पतसंस्था. प्रत्येक उपक्रमाच्या मागे वस्तीतली नेमकी एक अडचण दिसते. लीग टिकली ती यामुळे, असे माझे मत आहे.

यावर आक्षेप जुनाच आहे: ही पांढरपेशांनी वरून केलेली दया, तिने मजुरी एका पैशाने वाढत नाही. आक्षेप खराच आहे. पण वस्तीतल्या कामामुळे जोशी दयेपाशी थांबले नाहीत. १९२० साली आयटक या कामगार संघटनेच्या स्थापनेत ते होते आणि १९२६ साली त्यांनी गिरणी कामगारांची युनियन उभारली. सेवेने हक्काची वाट अडवली नाही, उलट माणसे ओळखीची करून दिली.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा. मुंबईत देणगीदार होते, हिंगोली जिल्ह्यात कोण देणार? पण याच जिल्ह्यातले नर्सी नामदेवांचे जन्मगाव मानले जाते आणि हरिनाम सप्ताह इथल्या लोकांना शिकवावा लागत नाही. निजामी अमलात जाहीर सभेला परवानगी लागे, तेव्हाही कीर्तनाला माणसे जमत. धान्य गोळा करणे, स्वयंपाकाच्या पाळ्या लावणे, पंगती उठवणे, उरलेल्या पैशाचा हिशेब देणे, हे सगळे व्यवस्थापनच आहे (व्यवस्थापनाचे वर्ग न लावता आलेले). म्हणजे माणसे आहेत, वर्गणीही आहे. आठव्या दिवशी चालू राहील असे काम तेवढे नाही. अर्थात सप्ताहाचा साचा जसाच्या तसा उचलता येणार नाही. पंगतीत कोण कुठे बसतो हा प्रश्न आपल्या गावांनी फार काळ टाळला आहे, म्हणून मंडळाची बैठक देवळात नव्हे, ग्रामपंचायतीत व्हावी आणि कार्यकारिणीत प्रत्येक वस्तीचा माणूस असावा.

कायद्याचे ओझे फारसे नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला सात माणसे पुरतात. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली हिशेब तपासून घ्यावे लागतात, आणि तो जाच नसून संरक्षण आहे. मात्र त्या सात जणांनी नोंदणीला जाण्याआधी एकच काम निवडावे, समजा दहावीच्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका. ती पेरणीच्या आणि सुगीच्या दिवसांतही बंद न पडता चालवून दाखवावी आणि दरमहा जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा.