फट, लांबी आणि बीमची धार

लीकी-वेव्ह अँटेनाचा सगळ्यात साधा नमुना म्हणजे एक वेव्हगाइड: सुमारे 23 मिलिमीटर रुंदीची आयताकृती धातूची नळी आणि तिच्या अरुंद बाजूला लांबीभर कापलेली बारीक फट. 1940 च्या सुमारास अमेरिकेत विल्यम हॅन्सेन यांनी मांडलेली ही कल्पना. एका टोकातून सोडलेली लहर पुढे सरकता सरकता फटीतून थोडी थोडी गळत जाते. उरलीसुरली ऊर्जा दुसऱ्या टोकाचा लोड शोषून घेतो. लोड नसेल तर ती परत फिरते आणि उलट्या बाजूला नको असलेला बीम दिसू लागतो.

मोजणीच्या वेळी अँटेना ठेवलेलं टर्नटेबल हळूहळू फिरतं, कोणत्या दिशेला किती ऊर्जा जाते याचा आलेख पडद्यावर उमटत जातो. 10 गिगाहर्ट्झला बीमचं शिखर नळीच्या काटकोनापासून सुमारे 49 अंशांवर येतं. नळी लांब घ्या वा आखूड, शिखर जवळपास तिथेच. ते हलवायचं तर वारंवारता बदलावी लागते: 8 गिगाहर्ट्झला ते 35 अंशांच्या आसपास येतं, 12 ला 57 च्या.

लांबीचं काम वेगळं. समजा, फट अशी कापली आहे की 55 सेंटीमीटरमध्ये 90 टक्के ऊर्जा बाहेर पडते. (नळीच्या धातूत वाया जाणारी ऊर्जा इथे धरलेली नाही.) तेव्हा बीमची रुंदी साधारण 4.4 अंश. लांबी निम्मी केली तर ती साडेआठ अंशांवर जाते आणि जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा लोडमध्ये जिरते. दुप्पट केली तर अडीच अंश. पण त्यापुढे नळी कितीही वाढवा, रुंदी पावणेदोन अंशांखाली उतरत नाही, कारण शेवटच्या भागापर्यंत गळायला काही उरतच नाही. धारदार बीम हवा असेल तर आधी फट बारीक करून गळती मंद करायची आणि मगच लांबी वाढवायची. नुसती नळी वाढवणं म्हणजे धातूची नासाडी, असं माझं ठाम मत आहे.

मोजणी करणाऱ्याला लांबी आणखी एका बाजूने छळते. खरा बीम दिसायला किती दूर उभं राहायचं, ते अंतर ढोबळ नियमाने लांबीच्या वर्गाप्रमाणे वाढतं. 55 सेंटीमीटरला सुमारे 20 मीटर, 110 ला 80. एवढी मोठी खोली कुठून आणायची? मग लहर टिपणारा छोटा प्रोब अँटेनाच्या अगदी जवळून फिरवतात, बिंदूबिंदूला लहरीची तीव्रता आणि कला नोंदवतात आणि दूरचा बीम गणिताने काढतात.