माळ्यावरच्या रेकॉर्डी लावताय? आधी सुई बघा

पांढुर्णा/सौंसर : दिवाळीच्या साफसफाईत आपल्या इकडच्या जुन्या घरांच्या माळ्यावरून काय निघेल याचा नेम नाही. पितळी समई निघते, आजोबांच्या वहीखात्यांचा गठ्ठा निघतो, आणि एखाद्या घरी रेकॉर्डप्लेअरची पेटी आणि रेकॉर्डींची चवड निघते. मग दोनच गोष्टी होतात. एक तर कबाडीवाला सगळं किलोवर घेऊन जातो, नाहीतर घरातला कोणीतरी हौसेने पेटी पुसतो, वायर जोडतो आणि हाताला लागेल ती रेकॉर्ड लावतो. पहिल्यात नुकसान आहे हे कोणालाही कळतं. दुसऱ्यातही तितकंच नुकसान होऊ शकतं, हे मात्र लावणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

रेकॉर्ड ही कॅसेट किंवा सीडीसारखी नाही. इथे गाणं म्हणजे प्लास्टिकमध्ये कापलेली खाच, आणि त्या खाचेच्या भिंतींवर घासत जाणारी सुई. सुई बरोबर असेल तर एलपी शेकडो वेळा ऐकता येते. सुई झिजलेली किंवा जड असेल, तर ती गाणं वाजवता वाजवताच खरवडून काढते. एकदा गेलेला आवाज परत येत नाही.

हिशेब बघा. 12 इंची एलपीची एक बाजू साधारण 22 मिनिटं चालते. मिनिटाला 33⅓ फेरे म्हणजे सातशेच्या वर फेरे झाले. ती खाच सरळ उलगडली तर लांबी अर्ध्या किलोमीटरच्या आसपास जाते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटीमीटर खाच सरकते, लेबलाजवळ तोच आकडा 21 वर येतो. म्हणून शेवटचं गाणं थोडं दाटून आल्यासारखं वाटतं. तेवढ्याच सेकंदाचा आवाज तिथे निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. झिजलेली सुई सगळ्यात आधी तिथेच फाटका आवाज देते. तपासायचं असेल तर शेवटचं गाणं ऐका.

आता वजनाचं. चांगल्या मॅग्नेटवाल्या कार्ट्रिजची सुई खाचेवर दीड ते दोन ग्रॅम भार देते. 2011 च्या मालिकेतलं रुपयाचं नाणं 3.79 ग्रॅमचं आहे, म्हणजे हा भार त्याच्या निम्म्याएवढा. जुन्या स्वस्त पेटीप्लेअरमध्ये क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असायची. तिचा भार चार-सहा ग्रॅम, स्प्रिंग बिघडली असली तर त्याहूनही जास्त. आणि चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स? तो शंभर ग्रॅमच्या वर जातो. सुईचं टोक इतकं बारीक असतं की दोन ग्रॅमचा दाबसुद्धा त्या टोकाखाली चौरस सेंटीमीटरला टनाच्या घरात जातो. म्हणून एक गोष्ट ठाम सांगतो : एलपी कधीही चावीच्या ग्रामोफोनवर लावू नका. फोटोसाठीही नाही. एका फेरीत तिचा निकाल लागतो.

हा भार मोजायला खास काटा मिळतो. पण सराफा बाजारात दहा मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा असतो, त्यावरही काम भागतं. फक्त सुई रेकॉर्डच्याच उंचीवर टेकली पाहिजे. काट्याची ताटली लोखंडी असेल तर कार्ट्रिजमधलं चुंबक तिला ओढतं आणि आकडा खोटा येतो, तेव्हा मध्ये पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची घडी ठेवा.

मोठ्या शहरांतले शौकीन ज्या टोनआर्मवर तासन् तास वाद घालतात, तो याच भाराचा सांभाळ करणारा दांडा. पुढे कार्ट्रिज, मागे सरकणारं वजन, मधे सांधा. आपल्याकडच्या तराजूचंच तत्त्व. पण त्याच्यापुढे एक भूमितीची अडचण आहे. रेकॉर्डची मास्टर कापताना कापणारं यंत्र सरळ रेषेत केंद्राकडे सरकतं. वाजवणारा दांडा मात्र एका टोकाला खिळलेला असतो, तो कमानीत फिरतो. म्हणजे सुई आणि खाच यांचा कोन प्रत्येक जागी थोडा चुकतो. यावर उपाय म्हणून दांड्याचं डोकं वाकडं ठेवतात आणि सुई मधल्या खिळ्याच्या थोडी पुढे जाईल अशी बसवतात. हे गणित पर्सी विल्सन यांनी 1924 मध्ये मांडलं, लोफग्रेन यांनी 1938 मध्ये आणि बेअरवाल्ड यांनी 1941 मध्ये पक्कं केलं. आजही लाखाचा टोनआर्म बसवताना तेच आकडे वापरतात. दोन जागी कोन अगदी बरोबर येतो, बाकी ठिकाणी अंश-दोन अंशाची चूक राहते. ती चूक कमी करायला कोणी 9 इंचीऐवजी 12 इंची दांडा घेतो, कोणी सरळ रेषेत सरकणारा घेतो.

डोकं वाकडं असल्यामुळे घर्षण दांड्याला आत, केंद्राकडे ओढतं. म्हणून बऱ्या टर्नटेबलवर अँटी-स्केटिंगचं बटण असतं, ते त्याला हलकेच बाहेर खेचतं. ते शून्यावर ठेवलं तर खाचेची एक भिंत जास्त झिजते.

वाद फक्त दांड्याचा नाही, फिरवण्याचाही आहे. इंग्लंडच्या गॅरार्ड 301 मध्ये रबरी चाक थाळी फिरवतं. स्कॉटलंडच्या लिन कंपनीच्या एलपी12 मध्ये पट्टा आहे. जपानच्या मात्सुशिताने 1970 मध्ये टेक्निक्स एसपी-10 काढला, त्यात मोटार थेट थाळीखाली बसवली. 1972 चा एसएल-1200 त्याच घराण्यातला. तो 2010 मध्ये बंद झाला आणि मागणी पाहून 2016 मध्ये परत आला. लिनवाल्यांचं म्हणणं असं की आधी टर्नटेबलवर खर्च करा, स्पीकर मागाहून, कारण सुईने जे उचललं नाही ते पुढची कोणतीही पेटी देऊ शकत नाही. लाखांच्या गोष्टी बाजूला ठेवा, पण हे म्हणणं आपल्या कामाचं आहे. दोन हजारांत नवी सुई आणि पाच हजारांत मोठा स्पीकर अशी निवड असेल, तर आधी सुई.

हिऱ्याची सुई पाचशे ते हजार तास चालते असं धरतात, नीलमाची त्याच्या दशांशाच्या आसपास. रोज एक एलपी ऐकली तर हिऱ्याच्या सुईला सुमारे दोन ते पावणेचार वर्षं होतात. पण माळ्यावरून निघालेल्या प्लेअरला हा हिशेब लागू नाही. त्यातली सुई न वाजताही जाते, कारण तिला धरणारं रबर दगडासारखं होतं. शिवाय क्रिस्टल कार्ट्रिजमधलं मीठ उष्णता आणि ओल दोन्ही सोसत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, टिनाच्या छपराखालच्या माळ्याचं काय विचारता! त्यात चाळीस वर्षं पडलेली क्रिस्टल कार्ट्रिज जिवंत निघाली तर नशीब समजा. आवाज अगदी बारीक आला की तीच गेलेली असते, दुकानदाराने ॲम्प्लिफायर बदलायला सांगितला तरी लगेच बदलू नका. आतलं रबरी चाक एका जागी चपटं झालं असेल तर दर फेऱ्याला धप्प आवाज येतो. जुनं ग्रीस घट्ट झालं असेल तर थाळी रेंगाळते. ग्रीस पुसून थाळीच्या खुंटीला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. रबराला तेल लागू देऊ नका.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने तिकडचा प्लेअर पाठवला तर आणखी एक भानगड. 110 व्होल्टसाठी ट्रान्सफॉर्मर लावला की झालं, असं लोक समजतात. पण पट्ट्याच्या बऱ्याच जुन्या प्लेअरची मोटार व्होल्टवर नाही, विजेच्या हर्ट्झवर चालते. तिकडे 60, इकडे 50. 33⅓ च्या जागी थाळी मिनिटाला 28 पेक्षा कमी फेरे घेते आणि सूर पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या खाली उतरतो. बालगंधर्वांचं गाणं भलत्याच माणसाचं वाटेल. अडॅप्टरवर चालणाऱ्या नव्या प्लेअरला हा त्रास नाही.

बालगंधर्वांचं नाव घेतलं ते मुद्दाम. नाटकात लांबलेलं पद तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत बसवावं लागे, कारण 78 ची एक बाजू तेवढीच. या 78 च्या रेकॉर्डींचं शास्त्र एलपीहून वेगळं आहे. त्या प्लास्टिकच्या नाहीत, लाखेच्या आहेत. हीच लाख आपल्या शेजारच्या सिवनीच्या जंगलात पळस आणि कुसुमच्या फांद्यांवर किडा तयार करतो. भारत लाखेचा मोठा पुरवठादार. दुसऱ्या महायुद्धात लाख मिळेना तेव्हा अमेरिकेत जुन्या रेकॉर्डी गोळा करून पुन्हा वापरल्या गेल्या. लाखेत दगडाची भुकटी मिसळत, मुद्दाम, म्हणजे पोलादी सुई घासून खाचेच्या मापाची व्हावी. म्हणूनच पोलादी पिन एका बाजूला एक, मग फेकायची, असा नियम होता. घरोघरी पिना वाचवायच्या नादात तो मोडला गेला, आणि पुष्कळशा 78 त्यातच करड्या पडल्या.

78 ची खाच रुंद. तिला 0.075 मिलिमीटरची सुई लागते, एलपीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याची. एलपीची सुई 78 मध्ये लावली तर ती तळाला जाऊन दगडाच्या भुकटीवर घासते, सुईही जाते आणि आवाजात नुसती खरखर. जुन्या पेटीप्लेअरच्या डोक्यावर बारीक कळ असते, एका बाजूला 78, दुसऱ्या बाजूला एलपी. आधी ती बघा. आपल्या देशात 78 उशिरापर्यंत निघत होत्या, अगदी बीटल्सच्यासुद्धा, त्यामुळे साठच्या दशकातली रेकॉर्ड म्हणजे एलपीच असेल असं धरू नका. वजन आणि लेबल बघा.

धुण्याची चूक सगळ्यात महाग पडते. सुतार पॉलिशसाठी चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतात, हे सगळ्यांना माहीत आहे. 78 ची रेकॉर्ड म्हणजे तोच चपडा. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावलं की खाच वितळली. 78 ला ओलसर मऊ फडकं, लगेच कोरडं, बस्स. एलपीला डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब चालतात. बॅटरीच्या दुकानातून पाणी आणताना अ‍ॅसिड नाही ना, एवढं विचारून घ्या. लेबल भिजू देऊ नका. आणि रेकॉर्डी आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, गाणी मोबाइलवर आहेत की. गीतरामायण आहे, लताबाई आहेत, खरंच आहेत. पण त्या काळी निघालेलं प्रत्येक कीर्तन, प्रत्येक पोवाडा, प्रत्येक नाट्यपद नेटवर आलेलं नाही. 1956 मध्ये नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो. 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा जिल्हाही झाला. दप्तर हिंदी, पाट्या हिंदी, मुलांच्या वह्या हिंदी. घरात बोलतो ती मराठी नातवंडांना वाचता येईलच असं नाही, ऐकता मात्र येते. त्या चवडीत काय आहे हे बघितल्याशिवाय ती किलोवर देणं म्हणजे खातं न उघडता बंद करणं.

बघायचं कसं? लेबलावरचं कंपनीचं नाव, गायकाचं नाव आणि रेकॉर्डचा नंबर वहीत उतरवा. लेबलाभोवतीच्या कोऱ्या जागेत कोरलेला नंबरही घ्या. तिरप्या उजेडात धरा. खाच काळी चमकली तर बरी, करडी दिसली तर झिजलेली. जुन्या लाउडस्पीकरवाल्यांकडून आलेल्या रेकॉर्डी बहुतेक करड्याच असतात, लग्नामांडवात भोंग्यावर दिवसभर त्याच त्याच वाजायच्या. तरी नंबर उतरवाच. मुंबईत 1990 पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले सुरेश चांदवणकर तिच्या कामाशी जोडलेले होते. अशा लोकांना नंबर पाहून रेकॉर्ड दुर्मीळ आहे की ढिगाने मिळणारी, हे सांगता येतं.

दुर्मीळ निघाली तर घरच्या प्लेअरवर लावूच नका. योग्य सुईवर एकदाच वाजवून संगणकात उतरवून घ्या, मग त्या फाइलवरून हवं तितकं ऐका. त्यासाठी फोनो प्रीअ‍ॅम्प लागतो. मॅग्नेट कार्ट्रिजचा आवाज काही मिलिव्होल्टच असतो, आणि एलपी कापताना खर्ज कमी केलेला असतो. तो परत भरून काढायचं काम प्रीअ‍ॅम्प करतो. तो नसेल तर पेटीतला तबला टिचकीसारखा ऐकू येईल.